आलेखांच्या सॉफ्टवेअरवर काम करायला व्हर्च्युअल मशीन: ८ जीबीच्या लॅपटॉपवर कसं उभारावं?

गोदाकाठची (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयात संगणक शिकवते. शेवटच्या वर्षाच्या सहा मुलामुलींचा प्रकल्प माझ्याकडे आहे. जिल्ह्यातल्या पंधराही तालुक्यांचा पाऊस आणि त्याच्या शेजारी गोदावरीच्या पुराची वर्षं आलेखांतून मांडायची, असा विषय आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते वेगळंच: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? २००८, २०१६, २०१९ चे पूर इथल्या लोकांच्या लक्षात आहेत ते त्या मूर्तीवरून. मुलांची कल्पना अशी की आलेखाच्या उभ्या अक्षावर आकड्यांच्या जागी मारुतीच उभा करायचा. ऐकल्यापासून मला ती सोडवत नाही. आणि सगळा मजकूर मराठीत हवा, कारण हे आलेख घाटावर छापून लावायचे आहेत.

साधन पायथॉनचं मॅटप्लॉटलिब, आलेख काढणारी लायब्ररी. असा अक्ष काढायचा तर नुसतं वापरून भागणार नाही, त्याच्या आतल्या कोडमध्ये हात घालावा लागेल, म्हणून मूळ कोडपासून बांधायचं ठरवलं. सहा जणांचे सहा तऱ्हेचे लॅपटॉप आहेत. एकाकडे चाललेलं दुसऱ्याकडे चालत नाही, आणि तास त्यातच जातो. म्हणून सगळ्यांना एकसारखं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक, द्यायचं आहे.

माझा लॅपटॉप ८ जीबीचा, विंडोज ११. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (असं मशीन चालवणारा प्रोग्राम) उबुंटू २४.०४ या लिनक्सची डेस्कटॉप आवृत्ती टाकली, ४ जीबी मेमरी दिली. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, माउस हलवला की बाण मागून येतो. काय चुकतंय?

सातपूर_शिफ्ट | शनिवार, रात्री १०:४०

ताई, मशीन चालू असताना त्याच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बघा. हिरवं कासव दिसतंय का?

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०:५१

हो! मला वाटलं ते सजावटीचं चिन्ह असेल.

सातपूर_शिफ्ट | शनिवार, रात्री ११:१५

मग रोग सापडला. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्ही थराने आधीच धरून ठेवली आहे. व्हर्च्युअलबॉक्सला ती थेट मिळत नाही, हायपर-व्हीच्या हातून घ्यावी लागते. कासव त्याचीच खूण आहे.

बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हीटी-एक्स ही प्रोसेसरची सोय चालू असणं ही पहिली अट. एएमडीवर त्यालाच एसव्हीएम म्हणतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसलं म्हणजे ती पुरी झाली. मग विंडोज फीचर्समध्ये जाऊन 'हायपर-व्ही', 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' आणि 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' यांच्या खुणा काढा. तरीही कासव राहिलं तर विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' आहे, ती चालू असली तरी हायपर-व्हीचा थर उठतो. पण ते संरक्षणासाठी दिलेलं आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर विचार करून बंद करा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर करू नका. तिथे कासव चालवून घ्या.

ओझरकर | रविवार, सकाळी ६:३०

मॅडम, कासव गेलं तरी ८ जीबीत डेस्कटॉप उबुंटूचा हट्ट कशाला? निम्मी मेमरी पाहुण्याला, म्हणजे आतल्या मशीनला, दिलीत, त्यातला मोठा वाटा त्याच्या खिडक्या आणि सजावटच खाणार, आणि मुलांच्या कामाला उरेल ते थोडंच.

उबुंटूची सर्व्हर आवृत्ती टाका. तिला पडदा नाही, नुसता टर्मिनल. मोकळी असताना काहीशे एमबीत भागतं. मशीनला २ जीबी आणि २ कोअर द्या, डिस्क ४० जीबीची पण 'डायनॅमिक' ठेवा. म्हणजे ती सुरुवातीला छोटी राहते आणि लागेल तशी वाढते. एक लक्षात असू द्या: वाढलेली डिस्क आतल्या फायली पुसल्या म्हणून आपोआप लहान होत नाही.

मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा एक नियम घाला: लॅपटॉपचा २२२२ जाऊ दे मशीनच्या २२ ला. यजमानाचा, म्हणजे लॅपटॉपचा, पत्ता १२७.०.०.१ लिहा, म्हणजे वायफायवरचं दुसरं कुणी आत डोकावणार नाही. यानंतर व्हीएस कोड हा कोडचा संपादक विंडोजवरच उघडायचा आणि त्याच्या 'रिमोट एसएसएच'ने मशीनमध्ये शिरायचं. संपादक बाहेर, काम आत. मुलांना खिडक्याही ओळखीच्याच मिळतात.

कोथरूडी_नाशिककर | रविवार, सकाळी ९:०५

सगळं वाचलं. पण २०२५ नंतर हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डब्ल्यूएसएल २ आहे ना. विंडोजमध्येच लिनक्स मिळतं, खिडक्याही उघडतात, मेमरी लागेल तशी घेतं. मी पुण्यात रोज त्यावरच काम करतो.

सातपूर_शिफ्ट | रविवार, सकाळी ९:३०

दादा, एकट्याला डब्ल्यूएसएल २ उत्तम, मीही वापरतो. तेही आतून व्हर्च्युअल मशीनच आहे आणि त्याला तोच 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' लागतो. म्हणजे ते ठेवलं की व्हर्च्युअलबॉक्सला कासव आलंच. दोन्ही एकत्र ठेवून दोन्हीकडून तक्रार करणारे बरेच भेटतात. एक काहीतरी निवडा.

गोदाकाठची | रविवार, दुपारी १:२०

कोथरूडी दादा, माझी गरज एकटीची नाही. मी एकदा नीट रचलेलं मशीन जसंच्या तसं सहा जणांच्या हातात द्यायचं आहे. दोन मुलांच्या घरी नेट फक्त मोबाइलचं, म्हणजे प्रत्येकाने सगळी पॅकेजं पुन्हा उतरवायची हे परवडणार नाही. व्हर्च्युअलबॉक्समधून मशीनची एकच फाइल निघते, हे मला मोलाचं वाटतं.

कासव गेलं! ओझरकर काका, सर्व्हर आवृत्तीही टाकली. मिनिटाच्या आत उभं राहतं.

आता नवीन अडचण. विंडोजमधला एक फोल्डर 'शेअर्ड फोल्डर' म्हणून आत जोडला, कारण मुलांच्या फायली तिथे आहेत. त्यात पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पाची पॅकेजं वेगळी ठेवणारा फोल्डर) तयार करायला गेले तर 'प्रोटोकॉल एरर' येते, 'लिब'कडून 'लिब६४'कडे असं काहीतरी म्हणते.

ओझरकर | रविवार, दुपारी ४:४५

ती चूक अगदी सरळ सांगतेय. लिनक्सवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनताना 'लिब६४' नावाचा सांकेतिक दुवा तयार होतो, म्हणजे सिम्लिंक. व्हर्च्युअलबॉक्सचे शेअर्ड फोल्डर सुरक्षेसाठी मुळात सिम्लिंक बनवू देत नाहीत. ते चालू करायची युक्ती आहे, पण मी सुचवणार नाही. त्या फोल्डरवर हजारो छोट्या फायलींचं काम फार हळू होतं, आणि फाइल बदलल्याची खबर बाहेरून आत पोचत नाही. म्हणजे बदल दिसला की आपोआप पुन्हा चालणारे प्रोग्राम गप्प बसतात.

कोड मशीनच्या आतल्या डिस्कवरच ठेवा, होम डिरेक्टरीत. शेअर्ड फोल्डर फक्त ने-आण करायला: पावसाच्या आकड्यांची सीएसव्ही फाइल आत न्यायला, तयार चित्र बाहेर आणायला. गेल्या काही वर्षांत मी ज्यांना ज्यांना ही मशीनं उभारून दिली, त्यातले निम्मे या एका ठिकाणी अडकले होते.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:५०

ते मार्गी लागलं. पण आता जे झालंय त्यानं मी खरंच अस्वस्थ आहे. सविस्तर लिहिते.

पहिला आलेख काढला, आडव्या अक्षावर तालुक्यांची नावं. नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन, आणि टर्मिनलवर सूचनांची रांग: अक्षर क्रमांक २३४४, 'देवनागरी लेटर न', देजावू सान्स या फाँटमध्ये नाही. पुढे असंही की मॅटप्लॉटलिब सध्या देवनागरीला स्वतःहून आधार देत नाही. मी पहिला भाग वाचला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं. 'फाँट्स-नोटो-कोअर' हे पॅकेज टाकलं, मॅटप्लॉटलिबने होम डिरेक्टरीत ठेवलेली फाँटची जुनी यादी पुसली, नोटो सान्स देवनागरी निवडला. चौकोन गेले, सूचना गेल्या, नावं आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे नफिाड काय आहे?" ती निफाडचीच आहे.

मग एकेक नाव तपासलं. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, मालेगाव, चांदवड, देवळा, नांदगाव, येवला, इगतपुरी: सगळी बरोबर. निफाड, नाशिक आणि दिंडोरी यांतली पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटली आहे. नाशिक चक्क 'नाशकि' वाचलं जातं. सिन्नरमध्ये वेलांटीही सरकली आणि 'न्न'चा पाय मोडला. त्र्यंबकेश्वर तर बघवत नाही. पंधरापैकी दहा बरोबर, म्हणून आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाच चुकली, त्यात आपल्या जिल्ह्याचंच नाव.

हे घाटावर लावायचं आहे. तिथे येणारा प्रत्येक जण मराठी वाचणारा असेल. काय करू?

पिंपळगाव_बसवंत | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, मी कांद्याच्या भावाचे आलेख काढतो, लासलगाव आणि पिंपळगाव बाजार समित्यांचे, शेतकरी गटासाठी. हीच ठेच मला लागली होती. 'क्विंटल' आणि 'सर्वसाधारण दर' हे दोन्ही शब्द तुटत होते. 'सर्वसाधारण'मधला रफार खाली उतरून हलन्त 'र्' म्हणून वेगळा पडायचा. तो आलेख गटावर टाकला तेव्हा एका आजोबांनी फोन करून विचारलं की हे कुठल्या भाषेत आहे. त्या दिवसापासून मी एकही आलेख न वाचता पाठवलेला नाही.

तातडीचा उपाय सांगतो. चित्र पीएनजीत जतन न करता एसव्हीजीत करा, आणि त्याआधी मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये 'एसव्हीजी डॉट फाँटटाइप'ला 'नन' द्या. असं केलं की मॅटप्लॉटलिब अक्षरांचे आकार स्वतः काढत नाही, मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये लिहितो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की मांडणी ब्राउझर करतो, आणि ब्राउझरला देवनागरी येते. तिथून पीडीएफ छापून घ्या, किंवा इंकस्केपमधून काढा. ज्या संगणकावर उघडाल तिथे तो फाँट मात्र हवा.

ओझरकर | बुधवार, सकाळी ६:१०

पिंपळगावच्या भावाचा उपाय पक्का आहे. पण मॅडम मुलांना शिकवतायत, तेव्हा असं का होतं तेही लिहितो.

युनिकोडमध्ये आपण उच्चाराच्या क्रमाने अक्षरं साठवतो. 'नि' म्हणजे आधी न, मग वेलांटी. डोळ्याला मात्र वेलांटी आधी दिसते. तिला उचलून डावीकडे आणणं, 'न' आणि 'न' जोडून 'न्न' करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, या कामाला शेपिंग म्हणतात. फाँटमध्ये त्याचे नियम असतात, पण ते वाचून अमलात आणणारं कुणीतरी लागतं. हार्फबझ नावाची लायब्ररी ते करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे. मॅटप्लॉटलिबने ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत चित्र काढताना ती वापरलेली नाही. तो फ्रीटाइपकडून, म्हणजे फाँटमधले आकार काढून देणाऱ्या लायब्ररीकडून, एकेक अक्षर मागतो आणि आलं तसं शेजारी ठेवत जातो. इंग्रजीला तेवढं पुरतं.

तुमच्या अनुभवातला खरा धोका वेगळ्या जागी आहे. सूचना येते ती अक्षर फाँटमध्ये सापडलं नाही तरच. फाँट टाकला की सूचना थांबते, चूक तशीच राहते. यंत्राला काही खटकत नाही. निफाडची मुलगी होती म्हणून सापडलं. तिला माझी शाबासकी सांगा.

पीएनजीच हवं असेल तर 'एमपीएलकैरो' हा पर्यायी बॅकएंड, म्हणजे मॅटप्लॉटलिबसाठी चित्र काढणारा भाग, आहे. तो रॅक्म लायब्ररीमार्फत हार्फबझकडून मांडणी करून घेतो. उबुंटूवर 'लिबरॅक्म०' हे पॅकेज आठवणीने टाका. ते नसलं तर एमपीएलकैरो कुरकुर न करता साध्या मांडणीवर उतरतो आणि पुन्हा 'नफिाड' येतं.

कोथरूडी_नाशिककर | बुधवार, सकाळी ८:४०

किंवा प्लॉटली वापरा, ते ब्राउझरमध्येच चित्र काढतं, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. पण मारुतीचा अक्ष कोडमध्ये शिरून घडवायचा आहे हे वाचलं, तेव्हा मॅटप्लॉटलिबच ठीक. वरचा माझा प्रतिसाद घाईचा होता, तुमची गरज समजून घ्यायला हवी होती. आजोळ भद्रकालीत आहे, २००८ चा पूर मी पाहिलेला आहे. आलेख झाले की इथे नक्की टाका.

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री १०:३०

एमपीएलकैरोने नाशिक 'नाशिक' झालं! त्र्यंबकेश्वरही. निफाडची मुलगी वर्गात उभी राहून पंधराही नावं मोठ्याने वाचत गेली आणि बाकीच्यांनी पडद्यावर बोट ठेवून तपासलं. आता हा नियमच केलाय. कुठलाही नवा मजकूर आला की एक जण वाचतो, दुसरा बघतो.

मूळ कोडपासून बांधणं दोन मशीनवर झालं, तिसऱ्यावर मध्येच 'किल्ड' एवढाच शब्द येऊन थांबतं. आणि एक शंका: चाचण्या चालवल्या तर काही चित्रं जुळत नाहीत असं म्हणतं. आम्ही तर काहीच बदललेलं नाही अजून.

सातपूर_शिफ्ट | शुक्रवार, रात्री ११:०५

तिसऱ्याने मशीनला किती मेमरी दिली आहे ते विचारा. १ जीबी असेल. सी प्लस प्लसचे भाग एकाच वेळी संकलित होतात, मेमरी संपते, आणि लिनक्स सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मारून टाकतं. २ जीबी करा, किंवा एका वेळी एकच भाग संकलित होईल असं सांगा. वेळ लागेल, पण पुरं होईल.

ओझरकर | शनिवार, सकाळी ६:४०

चाचण्यांचं सांगतो. मॅटप्लॉटलिबच्या कित्येक चाचण्या म्हणजे आत्ता काढलेलं चित्र आणि साठवलेलं जुनं चित्र यांची ठिपका-ठिपका तुलना. फ्रीटाइपची आवृत्ती बदलली की अक्षराची कड केसभर हलते आणि तुलना फसते. म्हणून त्यांनी ३.१० पर्यंत २०१५ ची २.६.१ ही आवृत्ती धरून ठेवली आणि बांधताना तीच सोबत आणली. कुणीतरी उबुंटूचं स्वतःचं फ्रीटाइप वापरण्याचा पर्याय दिला असेल. तो काढून पुन्हा बांधा.

मूळ कोड गिटवरून, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातून, घेताना पूर्ण इतिहास घ्या, वरवरचा नको. आवृत्तीचा आकडा गिटच्या टॅगवरून ठरतो. आणि 'एडिटेबल' पद्धतीने बसवताना 'नो-बिल्ड-आयसोलेशन' द्या, म्हणजे कोड बदलल्यावर पुढच्या वेळी इम्पोर्ट करतानाच नवं बांधकाम आपोआप होतं.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हे सॉफ्टवेअर जॉन हंटर यांनी सुरू केलं. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहता यावेत म्हणून. २००३ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. २०१२ मध्ये ते गेले. त्यांच्यासमोर देवनागरीचा प्रश्न कधी आलाच नसेल. आपल्यासमोर आला आहे, तर ज्या मुलांना तो डोळ्यांनी दिसला त्यांनी त्या कोडला हात लावावा असं मला फार वाटतं. चाचणीसाठी पंधरा तालुक्यांची यादी आयतीच आहे. तिच्यात सरकणारी वेलांटी, जोडाक्षर, अनुस्वार सगळं येतं. फक्त रफार नाही, त्याला पिंपळगावच्या भावाचा 'सर्वसाधारण दर' घ्या.

पिंपळगाव_बसवंत | शनिवार, सकाळी ७:१५

घ्या काका, आनंदाने.

गोदाकाठची | रविवार, रात्री ८:२०

दोन्ही सुटलं. १ जीबीच होती, आणि फ्रीटाइपचंही तसंच निघालं.

आता वाटप. एक मशीन स्वच्छ रचून त्याचा स्नॅपशॉट घेतला, मग ओव्हीए, म्हणजे सगळ्या मशीनची एकच फाइल, काढली. ती साधारण ५ जीबीची झाली. पेनड्राइव्हवर कॉपी करताना 'फाइल फार मोठी' असं येतं, आणि ड्राइव्ह ३२ जीबीचा रिकामा आहे.

सातपूर_शिफ्ट | रविवार, रात्री ८:४५

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि ओव्हीए उघडताना मॅक पत्ता (नेटवर्कवरची मशीनची ओळख) नवा बनवण्याचा पर्याय निवडायला लावा. एसएसएचच्या यजमान किल्ल्या आणि मशीन-आयडी सहाही जणांकडे सारखे राहतील, तेही पहिल्या दिवशी बदलून घ्या. लाईट गेली आणि मशीन 'सेव्ह' अवस्थेत राहिलं, की परत उठल्यावर कधी कधी त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं. मग पॅकेजं उतरवणारं ॲप्ट 'ही यादी अजून वैध नाही' म्हणून अडून बसतं. घड्याळ जुळवलं की चालतं. सिडकोत परवा दुपारभर लाईट नव्हती, म्हणून आठवलं.

सिन्नर_घाट | रविवार, रात्री ९:३०

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. मी सिन्नरला शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या तालुक्याचं नाव त्या पाचांत आहे म्हणून थांबवेना. मला कोडमधलं फार कळत नाही, पण पावसाचे हे आलेख नववीच्या वर्गात लावायला मिळतील का? इगतपुरी आणि येवला एकाच जिल्ह्यात असून पावसात किती अंतर आहे, हे मी दर वर्षी फळ्यावर हाताने काढतो.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:५५

सर, नक्की. इगतपुरी आणि येवल्याचा आलेख आधी काढायला सांगते, मोठ्या अक्षरांत, मागच्या बाकावरून वाचता येईल असा. एसव्हीजी आणि छापण्याजोगी पीडीएफ दोन्ही इथे ठेवेन. 'सिन्नर' मी स्वतः वाचून पाठवेन.

मशीनची फाइल हवी असेल तर शनिवारी दुपारी आम्ही सगळे प्रयोगशाळेत आहोत. येताना पेनड्राइव्ह एक्सफॅट करून आणा.